बेगमी आणि साठेबाजी : संकटासाठी साठवणे हे शहाणपण की स्वार्थ?

१/ #थ्रेड #इतिहास
मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर होताच किराणा दुकानांपुढे रांगा लागल्या. काहींनी तीन महिन्यांचे धान्य एका दिवसात घरी नेले; मागून आलेल्यांच्या वाट्याला रिकाम्या फळ्या आल्या. आधी नेणाऱ्यांना कोणी दूरदर्शी म्हटले, कोणी स्वार्थी. हा वाद नवा नाही. भारतीय उपखंडात तो किमान बावीसशे वर्षांचा आहे आणि त्या इतिहासातून मिळणारे उत्तर बरेच स्पष्ट आहे.

२/ मराठीत या एकाच कृतीला दोन शब्द आहेत. पहिला 'बेगमी'. कोकणात पावसाळ्याआधी आगोटीची खरेदी होते : सुकी मासळी, कोकम, मिरची, मीठ, तांदूळ, सरपण. गोव्यात याच तयारीला 'पुरुमेंत' म्हणतात. शब्द पोर्तुगीज मुळाचा आणि त्याच्या नावाने उन्हाळ्याअखेर बाजार भरतो. बेगमी करणाऱ्या घराला कोणी नावे ठेवत नाही. न करणाऱ्यालाच ठेवतात.

३/ दुसरा शब्द 'साठेबाजी'. हा शब्द उच्चारताच पोलीस, छापे आणि काळाबाजार डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः दोन्हींत पोती तीच, खोली तीच आणि कुलूपही तेच. मग एका कृतीला गृहकृत्यदक्षता आणि दुसरीला गुन्हा का म्हणायचे? फरक पोत्यांच्या संख्येत शोधणे व्यर्थ आहे. साठा केव्हा भरला आणि केव्हा उघडला, या दोन प्रश्नांत तो दडलेला आहे.

४/ कौटिल्याच्या अर्थशास्त्रात याचा अगदी व्यवहारी विचार आढळतो. राजाच्या कोठारात जे जमा होईल त्याचा अर्धा भाग जनपदावरील आपत्तीसाठी राखून ठेवावा, उरलेला अर्धा वापरावा आणि जुन्या मालाच्या जागी नवा भरत राहावे, असा तेथे नियम आहे. राखीव साठा पडून कुजू नये, याचीही काळजी त्या एका नियमात घेतलेली दिसते.

५/ तोच ग्रंथ व्यापाऱ्यांबाबत कठोर आहे. धान्याचा साठा परवानगी घेऊनच करावा. विनापरवाना साठवलेला माल पण्याध्यक्षाने ताब्यात घ्यावा. दुष्काळात राजाने बियाणे आणि अन्न पुरवावे, अन्नाच्या मोबदल्यात दुर्ग व बांध यांची कामे काढावीत, असेही तो सांगतो. उपायांच्या त्याच यादीत 'वमन' हा शब्द येतो. एका अर्थाप्रमाणे त्याचा आशय असा की, श्रीमंतांनी गिळून ठेवलेले बाहेर काढावे.

६/ हे केवळ ग्रंथातले आदर्श नव्हते. गोरखपूरजवळच्या सोहगौरा येथील ताम्रपटात दोन कोठारांचा आणि निकडीच्या प्रसंगी त्यांच्या उपयोगाचा उल्लेख आहे. आजच्या बांगलादेशातील महास्थान येथे १९३१ मध्ये सापडलेल्या शिलालेखात संकटकाळी धान्य देण्याची आणि सुबत्ता येताच ते कोठारात परत भरण्याची आज्ञा अभ्यासक वाचतात. दोन्ही लेख सामान्यतः मौर्यकाळातले मानले जातात.

७/ महास्थानच्या आज्ञेतला क्रम पाहण्यासारखा आहे. टंचाईत कोठार रिकामे करायचे, सुकाळात पुन्हा भरायचे. कोठार हे येथे एका वर्षाचे धान्य दुसऱ्या वर्षापर्यंत पोहोचवणारे वाहन आहे. हा क्रम उलटला, म्हणजे टंचाईत भरले आणि सुकाळाची वाट पाहत बंद ठेवले, तर तेच कोठार लोकांच्या ताटातला घास ओढून घेते.

८/ महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचे कोठार जमिनीखाली असे. त्याला 'पेव' म्हणत. कोरड्या जमिनीत खोल खड्डा, आत कडबा किंवा पेंढ्याचे अस्तर, त्यात ज्वारी आणि वर मातीने बंद केलेले तोंड. हवा न लागल्यामुळे धान्य दीर्घकाळ टिके. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. कोंडलेल्या वायूने माणूस गुदमरून मरण्याची भीती असे. विपुलतेसाठी 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार याच पेवाने मराठीला दिला.

९/ पण पेवाकडे भाबडेपणाने पाहून चालणार नाही. पेरणीच्या तोंडावर ज्याच्याकडे बी नसे, तो पेववाल्याच्या दारात जाई. मण नेला तर सुगीला सव्वा मण परत करायचा ती 'सवाई'; दीड मण परत करायचा ती 'दिढी'. म्हणजे जे पेव कुणब्याला तारत असे, तेच त्याला पुढच्या वर्षी अधिक रिकामे करून सोडत असे. धान्य गावातच होते. प्रश्न होता तो कोणत्या अटीवर बाहेर येते हा.

१०/ मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा इथे आठवते. परंपरा सांगते की, पंधराव्या शतकातील भीषण दुष्काळात बेदरच्या बादशहाचे धान्य त्यांच्या ताब्यात होते. उपाशी लोक दाराशी आले आणि त्यांनी कोठारे लुटू दिली. बादशहाचा कोप झाला, तेव्हा विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन सगळी रक्कम भरली. कथा भक्तीची आहे. तिच्यात राज्यव्यवस्थेवरची एक टीकाही आहे.

११/ कोठार भरलेले होते, अधिकारी दयाळू होता, दुष्काळ दारात होता; तरीही दार उघडायला चमत्कार लागला. कारण ते धान्य कोणत्या परिस्थितीत लोकांना द्यायचे, याचा नियमच त्या कथेत नाही. कौटिल्याने जे कारकुनी कलम म्हणून लिहून ठेवले, ते इथे एका माणसाला मान धोक्यात घालून करावे लागते. लोकस्मृतीने नाव जपले ते कोठार उघडणाऱ्याचे. भरणाऱ्याचे कोणाला ठाऊक नाही.

१२/ स्वराज्यातील गडांचा विचार साठ्यावाचून करताच येत नाही. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातील गंगा, यमुना आणि सरस्वती ही कोठारे आजही उभी आहेत. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात पाण्याविषयी सूक्ष्म सूचना आहे : गडावर झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो.

१३/ म्हणून जादा टाकी खोदून त्यांतले पाणी राखून ठेवावे आणि एरवी खर्चू नये, असे अमात्य सांगतात. संकट येते तेव्हा पुरवठा घटतो आणि गरज वाढते. दोन्ही एकाच वेळी. साठ्याच्या बाजूने याहून नेमका युक्तिवाद क्वचितच सापडेल. आणि ही टाकी वेढ्याच्या दिवशी खोदायची नसतात.

१४/ साठा आणि परोपकार यांचा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो शिवाजी महाराजांच्या चिपळूणजवळील छावणीला लिहिलेल्या पत्रात. राज्याभिषेकाच्या आसपासच्या वर्षांतले हे पत्र. पावसाळ्यासाठी दाणा आणि वैरण मोठ्या कष्टाने जमा केलेली होती. आहे तोवर मनमानी उधळाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, अशी त्यात ताकीद आहे.

१५/ पुढचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. साठा संपला की शिपाई कुणब्यांच्या घरात शिरतील. कोणी दाणे आणेल, कोणी भाकरी, कोणी गवत, सरपण, भाजीपाला. मग रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. उंदराने दिव्याची पेटती वात नेऊन गवताची गंजी पेटेल, इतकी बारीक सूचनाही त्या पत्रात आहे.

१६/ या पत्राने 'साठवणे म्हणजे स्वार्थ' हे समीकरण मोडून काढले आहे. ज्याच्या हाती शक्ती आहे आणि ज्याने बेगमी केलेली नाही, तो टंचाईत दुबळ्याच्या घरात हात घालतो. वेळेवर केलेला साठा हे म्हणून दुबळ्याचेही संरक्षण ठरते. आजही जो सधन माणूस सुकाळात थोडे राखून ठेवतो, त्याला आपत्तीच्या दिवशी रांगेत उभे राहून दुसऱ्याच्या वाट्यावर हक्क सांगावा लागत नाही.

१७/ आता दुसरी बाजू. अठराव्या शतकात अॅडम स्मिथने व्यापाऱ्याचा पक्ष घेतला. पीक कमी आले की व्यापारी भाव चढवतो. लोक हात आखडतात आणि थोडे धान्य वर्षभर पुरते. त्याच्या मते हा साठेबाज नकळत समाजाची शिधावाटणीच करतो. युक्तिवाद पोकळ नाही. सुगीला घेऊन उन्हाळ्यात विकणारा व्यापारी नसता तर चैत्र-वैशाखात बाजार ओस पडले असते.

१८/ पण १८७६–७८ च्या महादुष्काळात याच विचाराचे धोरण झाले. दख्खन आणि मद्रास इलाखा होरपळत असताना सरकारने धान्याच्या व्यापारात हात घालण्यास नकार दिला. बंदरांतून धान्य बाहेर जातच राहिले. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची दैना सरकारपुढे मांडत होती. ज्याच्या हाती मजुरीच नाही, त्याला चढलेला भाव काटकसर शिकवत नाही. तो त्याला बाजारातून बाहेर काढतो.

१९/ बंगाल, १९४२–४३. जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडचा तांदूळ थांबला. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून सरकारने किनारी जिल्ह्यांतला तांदूळ आणि होड्या काढून घेतल्या. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले. कलकत्त्यात ठोक तांदळाचा भाव डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३–१४ रुपये होता. पुढच्या मे महिन्यात तो ३० च्या वर आणि ऑगस्टमध्ये ३७ वर गेला.

२०/ त्याआधीच, ऑगस्ट १९४२ मध्ये, बंगाल चेंबर ऑफ कॉमर्सने आपल्या कारखान्यांच्या कामगारांसाठी अन्नधान्य योजना सुरू केली होती. युद्धाचे उत्पादन थांबू नये हा हेतू. प्रत्येक मोठ्या कंपनीच्या दृष्टीने हा साठा शहाणपणाचाच होता. परंतु तो टंचाईत आणि चढत्या बाजारात भरला जात होता. शहरातला कामगार तगला. खेड्यातला शेतमजूर, कोळी आणि कारागीर मेला.

२१/ जून १९४३ मध्ये प्रांतिक सरकारने दडवलेल्या साठ्यांची शोधमोहीम काढली. गावोगावी घरे तपासली गेली. हाती फारसे लागले नाही. मोठे खरेदीदार जेथे होते, ते कलकत्ता आणि हावडा मात्र आरंभी या मोहिमेतून वगळलेले होते. शेतकऱ्याच्या कणगीला साठेबाजी म्हटले गेले आणि कंपनीच्या गोदामाला खबरदारी. दुष्काळ चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

२२/ मुंबईचेही पोट बाहेरच्या धान्यावरच भरत होते. पण तेथे मे १९४३ मध्येच शिधावाटप सुरू झाले. कलकत्त्यात ते यायला जानेवारी १९४४ उजाडला. शिधापत्रिकेने माणसाला ठरलेल्या वाट्याची खात्री मिळते आणि मग घर भरून ठेवण्याची घाई ओसरते. घबराटीतली खरेदी बहुधा हावेतून होत नाही. उद्या मिळेल यावरचा विश्वास उडाला की ती होते. उपदेशाने तो विश्वास परत येत नाही, पुरवठ्याने येतो.

२३/ म्हणून 'प्रत्येकाने आपापले साठवावे' हा सल्ला अपुरा आहे. रोजच्या मजुरीवर रोजचे पीठ आणणाऱ्याला तीन महिन्यांची बेगमी परवडत नाही. ती ठेवायला खोलीही नसते. त्याची बेगमी समाजानेच करावी लागते. भारतीय अन्न महामंडळ १९६५ मध्ये स्थापन झाले. २०२० च्या एप्रिलपासून माणशी महिना पाच किलो मोफत धान्य देता आले, कारण गोदामे आधीच्या हंगामांत भरलेली होती.

२४/ तेव्हा घरात सुकाळी भरलेला डबा, गडावरचे राखीव टाके आणि सरकारी गोदाम ही तिन्ही एकाच शहाणपणाची रूपे आहेत. टंचाईची बातमी आल्यावर घाईने भरलेली खोली मात्र, मालक कितीही सज्जन असला तरी, दुसऱ्याचा वाटा कमी करूनच भरते. आणि सुकाळात भरलेले कोठार दुष्काळात बंदच राहिले, तर भरण्याचे पुण्यही उरत नाही.

२५/ एखाद्या किल्ल्यावर कोरडे टाके किंवा पडके कोठार दिसले की ते किती मोठे होते हे सहज मोजता येते. त्याहून महत्त्वाची चौकशी दुसरी आहे : ते कोणत्या महिन्यात भरले जाई, त्याची किल्ली कोणाकडे असे आणि कोणाचा हुकूम आल्यावर ते उघडे? एखादे राज्य शहाणे होते की स्वार्थी, याची साक्ष बखरींतल्या विशेषणांपेक्षा तिथे अधिक खरी मिळते.