काळा दगड आणि विद्युत्‌घट

गोंदियाहून आगगाडीनें बालाघाटास जाणाऱ्यास भरवेलीची खाण परकी नसते. तुमसर रोडहून तिरोडीकडे फुटणाऱ्या फांट्यावर डोंगरी बुजुर्ग लागतें. दोन्हीकडे मँगनीजचा काळा दगड निघतो. १८९६ सालीं विलायती मंडळीनें आरंभिलेल्या या उद्योगांतून १९६२ सालीं ‘मॉयल’ ही कंपनी उभी राहिली. लिथियमच्या कित्येक बॅटऱ्यांत हेंच मँगनीज पडतें. तेव्हां ‘दगड आमचा, मग कारखाना आमच्याकडे कां नको?’ असें घरांतील तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र खाणींत नाहीं, सोंवळ्यांत आहे.

डोंगरी बुजुर्गास मॉयलचा एक कारखाना आहे. तेथें खनिज भाजतात, गंधकाम्लांत विरघळवितात, लोखंडादि मळ काढतात आणि विजेच्या योगानें शुद्ध डायऑक्साइडचा थर पट्ट्यांवर चढवितात. तो मुख्यतः साध्या कोरड्या सेलांकरितां जातो. रसवैद्य आधीं शोधन व मग मारण करीत, क्रम तोच. लिथियमच्या घटास याहून कडक शोधन लागतें.

पुढील कृति गृहिणींस चटकन् उमगेल. मँगनीजादि धातूंची लिथियमयुक्त भुकटी चिकट द्रव्यांत घोटून ॲल्युमिनियमच्या वर्खावर पातळ सारवतात. ग्राफाइट तांब्याच्या वर्खावर. लांबलचक भट्टींतून वाळवून तीं रुळांखालीं दाबतात, कापतात व मध्यें सच्छिद्र पडदा घालून गुंडाळतात. यापुढची खोली इतकी कोरडी ठेवावी लागते कीं कामकऱ्याच्या श्वासांतील बाष्पही जड होतें. कारण आंत भरावयाच्या द्रवांतील लिथियमच्या क्षारास पाणी लागलें कीं जहाल आम्ल बनतें. लोणच्याच्या बरणींत ओला चमचा घालणाऱ्या सुनेस आपण बोलतों, तेथें तर सारा घटच नासतो. धातूचा एखादा कण राहिला तर तो पडदा भेदतो, आंतल्या आंत वीज जुळते आणि पेट घेते.

तयार घट प्रथम अगदीं सावकाश भारतात, म्हणजे ग्राफाइटवर एक संरक्षक पापुद्रा धरतो. नंतर कित्येक दिवस ते फळ्यांवर ठेवून, ज्यांचा विजेचा दाब उतरेल ते वगळावयाचे. तोंवर भांडवलही फळीवरच निजलेलें! म्हणून बाहेरचे सेल आणून पेटींत जोडणें पुष्कळांस सोयीचें वाटतें व त्यासच कारखाना म्हणतात. मला तें नांव देववत नाहीं. वाड्याच्या जिन्याखालीं विजेची दुचाकी ठेवणाऱ्यांनीं तिच्या पेटींतील सेल कोणाचे, हें दुकानदारास अवश्य विचारावें.

आमच्या प्रश्नकर्त्यांपैकीं एकजण रसायन घेऊन बी. एस्‌सी. झाला आहे. मँगनीजमधून लोखंड कसें काढतात तें आधीं डोंगरी बुजुर्गास पाहून ये, असें त्यास मीं सांगितलें आहे.