निळू फुले आणि आमचा वाडा

मंठ्याच्या बसस्थानकासमोर परवा चहा घेत उभा असता, जालन्याच्या गाडीतून उतरलेल्या एका पोराने आपल्या सोबत्यास, प्रसंग ना निमित्त, ओठ एका बाजूस ओढून आणि आवाज घशात खोल उतरवून ‘बाई, वाड्यावर या’ असे म्हणून दाखविले. भोवतीची चार माणसे हसली, आणि खोटे कशास बोला, मीही हसलो. हसू ओसरल्यावर मात्र मन खिन्न झाले. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात निळू फुले निवर्तले, तेव्हा हे पोर फार तर पाळण्यात असेल. त्याने त्यांचा एकही चित्रपट पाहिलेला नसण्याचाच संभव अधिक, आणि हे वाक्य त्यांनी नेमके कोणत्या चित्रपटात उच्चारले असे कोणी विचारते, तर त्याची, आणि माझीही, तिरपीट उडाली असती. चाळीस वर्षे ज्याने रंगभूमी आणि पडदा यांवर सत्ता गाजविली, त्याच्या नावावर लोकांच्या दप्तरी अखेर एवढी एकच नोंद शिल्लक राहावी, हे मला मान्य नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

पूर्वपक्ष लंगडा उभा करून त्यावर जय मिळविण्यात काही पुरुषार्थ नाही; तेव्हा विरुद्ध बाजूचे म्हणणे ज्यांच्या तोंडून ऐकले त्यांच्याच शब्दांत देतो. आमच्याकडील एका जुन्या वतनदार घराण्यातील वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांना लहानथोर सारेच अण्णा म्हणतात, एकदा मला म्हणाले, ‘गुरुजी, आमच्या आज्यानं दुष्काळात पेवं उघडली, गावची भांडणं कचेरीत जाऊ दिली नाहीत, चावडीतच मिटवली, अन् त्या निळू फुल्यानं पाटील म्हटलं की बाटली अन् बाई, एवढंच जगाला दाखवलं. नाव घालवलं आमचं.’ अण्णांच्या या फिर्यादीत दुःख खरे आहे. परंतु फिर्याद ज्याच्यावर दाखल केली आहे तो इसम गुन्हेगार नव्हे.

याचा पुरावा इतिहासात आहे. मंठ्याचा हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, आणि जालना जिल्हा १९८१ मध्ये निर्माण होईपर्यंत आमचे दप्तर परभणीस असे. माली पाटील, पोलीस पाटील, पटवारी, देशमुख, जहागीरदार अशी अधिकाराची उतरंड येथे पिढ्यान्‌पिढ्या रचलेली होती. तिच्या शिरोभागी असलेल्या जहागिऱ्या हैदराबाद संस्थानात १९४९ मध्ये खालसा झाल्या. पुढे महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचे वतनी पद नाहीसे झाले. आणि त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. म्हणजे अण्णांच्या आज्याचा तो पाटील, सनद आणि मानपानासह, इतिहासजमा झाल्यावर सुमारे सहा वर्षांनी, १९६८ साली, ‘एक गाव बारा भानगडी’ या अनंत माने यांच्या चित्रपटातील झेलेअण्णांच्या रूपाने निळू फुले पडद्यावर आले. ज्या पाटलाची त्यांनी बदनामी केली असे म्हणतात, तो त्यांच्या आगमनापूर्वीच कायद्याने अस्तंगत झालेला होता.

मग त्यांनी रंगविला तो कोण? ज्याच्याजवळ सनद नव्हती, परंतु सोसायटी होती, कारखाना होता, मतपेटी होती, तालुक्याच्या कचेरीत वजन होते. ज्याला वाड्याचा दिमाख वारशाने मिळाला, पण वाड्याबरोबर येणारी पेवे उघडण्याची जबाबदारी मात्र मिळाली नाही, असा तो नवा सत्ताधारी होता. १९७४ चा ‘सामना’ आठवून पाहावा: जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची पटकथा, आणि १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेपर्यंत मजल मारलेला हा मराठी चित्रपट. त्यातील हिंदुराव धोंडे पाटील हा साखरेच्या पैशावर उभा असलेला पुरुष आहे. वाट चुकलेल्या, दारूने खचलेल्या मास्तरास तो घरी आणतो, जेवू घालतो, अंथरूण देतो. आणि त्या आतिथ्यातून उतराई होण्याऐवजी मास्तर त्याला वारंवार एकाच नाहीशा झालेल्या माणसाविषयी, मारुती कांबळे याच्याविषयी, विचारत राहतो. डॉक्टर श्रीराम लागूंचा मास्तर आणि निळूभाऊंचा हिंदुराव यांचा हा सामना ज्याने पाहिला आहे, त्याच्या लक्षात एक गोष्ट खचित आली असेल की हिंदुराव कोठेही विनाकारण ओरडत नाही. ज्याचा हुकूम निमूटपणे पाळला जातो त्यास ओरडण्याचे प्रयोजन पडत नाही, हे ज्ञान त्या अभिनयात आहे. डोळे अर्धे मिटलेले, शब्द तोंडात घोळवून सोडलेला, समोरच्याला बोलू देऊन त्याच्या बोलण्याचे वजन मनातल्या मनात करणारी ती स्तब्धता! अशी माणसे आम्ही बाजार समितीच्या आवारात पाहिली आहेत. निळूभाऊंनी ती आधी पाहिली, एवढेच. अण्णांच्या घराण्याचे नाव कोणी घालविले असेल, तर ते वाड्यांत नंतर येऊन बसलेल्यांनी घालविले. नटाने केवळ पंचनामा केला.

दुसरा आक्षेप रसिकांचा आहे आणि तो अधिक शिष्ट आहे: हा नट एकसुरी होता, एकच सोंग त्याने जन्मभर आणले. या आरोपात तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. शंभरावर चित्रपटांत कामे करणाऱ्या माणसाने निर्मात्यांच्या आग्रहास्तव तोच ओठ, तेच धोतर आणि तीच नजर पुष्कळदा भाड्याने दिली, आणि त्यांपैकी कित्येक चित्रपट विसरले गेले हे फार चांगले झाले. परंतु कोणाही कलावंताचा हिशेब त्याच्या हलक्या मालावरून करण्याचा दंडक आपण इतरांना लावीत नाही, तो यांनाच का लावावा? १९७२ साली कमलाकर सारंग यांनी रंगभूमीवर आणलेला, ज्याच्यावर बंदी येऊन प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तो तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर निळूभाऊंनीच उभा केला. जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मधील आप्पाजी, म्हणजे स्वतःच्या मुलाच्या राज्यात ध्येयवादाची विटंबना पाहावी लागणारा वृद्ध सत्याग्रही, तोही यांचाच. आणि १९७९ च्या ‘सिंहासन’मधील पत्रकार दिगू टिपणीस तर तो एकसुरीपणाचा आरोप फेटाळणारा निकालच आहे. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर उभ्या राहिलेल्या या चित्रपटात मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगारपुढारी सारे बोलत असतात. दिगू बहुधा ऐकत असतो. जो नट सत्ता गाजविण्यात पारंगत म्हणून ठाऊक होता, तो येथे सत्तेचा मूक साक्षीदार होतो, आणि अखेर त्या साक्षीचा भार न पेलून त्याचे चित्त भ्रमते. हिंदुराव आणि दिगू ही दोन टोके एकाच माणसाच्या देहात सामावली, याहून अधिक पल्ला कोणत्या नटाकडून मागावयाचा?

आता तिसरा पक्ष. आणि हा प्रतिपक्ष नसून स्वपक्ष असल्याने त्याच्याशी भांडणे अधिक अवघड आहे. हे निळूभाऊंचे चाहते होत. त्यांचे म्हणणे असे की, ‘पडद्यावर कितीही दुष्ट दिसला, तरी माणूस किती चांगला होता!’ आणि मग ते पुरावे देतात. ते पुरावे सर्व खरे आहेत. सतरा वर्षांचा हा पुण्याचा मुलगा लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत होता, महिना ऐंशी रुपये पगार होता, आणि त्यातील दहा रुपये तो राष्ट्र सेवा दलास देत असे. पुढे डॉक्टर लागूंसह सामाजिक कृतज्ञता निधीसाठी त्याने ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, ज्यांच्या उत्पन्नातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले; अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतही तो उभा राहिला. हे सारे वंदनीय आहे. परंतु ‘तरी’ या एका शब्दाला माझी हरकत आहे. दुष्ट दिसला तरी चांगला होता, या वाक्यात अभिनय हा एक डाग आहे आणि चारित्र्य हा तो धुण्याचा साबण आहे, अशी समजूत दडलेली असते. आणि ही समजूत नटाचा जेवढा अपमान करते तेवढा अण्णांच्या फिर्यादीनेही केलेला नाही.

वास्तविक गोष्ट उलट आहे. सेवा दलाचे कलापथक ही त्यांची पहिली शाळा. गावोगाव जाऊन, चावडीपुढे किंवा शाळेच्या ओट्यावर, कंदिलाच्या उजेडात लोकनाट्य करावयाचे, आणि ज्यांच्याविरुद्ध बोलावयाचे ते बहुधा पुढच्याच रांगेत मांडी घालून बसलेले असावयाचे! १९५७ साली ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हा वग त्यांनी लिहिला, पु. ल. देशपांड्यांच्या ‘पुढारी पाहिजे’त त्यांनी काम केले, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने त्यांना नाव दिले. ज्याला दडपणारा माणूस कसा बसतो, कसा हसतो, केव्हा गप्प होतो हे दडपलेल्याच्या बाजूने पाहावे लागले, त्याला तो माणूस उभा करता आला. त्यांचा खलपुरुष त्यांच्या समाजवादापासून वेगळा काढताच येत नाही. आमच्याकडे जत्रेत तंबूतला सिनेमा येई तेव्हा बायाबापड्या पडद्याकडे पाहून कडाकडा बोटे मोडत. त्या बोटे मोडण्यात जेवढे राजकीय शिक्षण होते तेवढे निवडणुकीच्या सभांतही मी पाहिले नाही.

तीच गत सदाशिव अमरापूरकरांची. अहमदनगरच्या या नटाला देश ‘अर्धसत्य’च्या रामा शेट्टीमुळे ओळखू लागला, ‘सडक’च्या महाराणीने लोकांचा थरकाप उडविला, आणि दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ या मालिकेत जोतीराव फुले साकारले तेही त्यांनीच. २०१३ च्या उन्हाळ्यात आमचा जालना जिल्हा टँकरच्या पाण्यावर जगत असता मुंबईत होळीस चाललेली पाण्याची उधळपट्टी थांबविण्यास हे गृहस्थ वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पुढे झाले, आणि त्यांना धक्काबुक्की सोसावी लागली. आमच्यासाठी मार खाणारे आमच्या मतदारसंघातील किती निघाले, हा प्रश्न येथे विषयांतर म्हणून सोडून देतो.

राहता राहिला ‘चरित्र अभिनेता’ हा शब्द, जो नायकाच्या पंगतीत ज्यांना पाट मिळत नाही त्यांच्यासाठी योजिलेला दिसतो. तमाशाच्या वगात सोंगाड्याला कोणी दुय्यम म्हटल्याचे ऐकिवात नाही. तो नसेल तर वग उभाच राहत नाही. निळूभाऊ त्या परंपरेतून आले होते, आणि १९९१ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला, तो खुर्चीचा क्रम पाहून केलेला नव्हता.

अण्णा अद्याप हयात आहेत, आणि आमचा वादही. गेल्या पंधरवड्यात मी त्यांच्या नातवाकरवी त्यांना मोबाइलवर ‘सामना’ लावून दिला. मध्यंतरी ते दोनदा उठून गेले, तिसऱ्यांदा मात्र बसून राहिले. आणि संपल्यावर मला एवढेच म्हणाले, ‘गुरुजी, हा पाटील नव्हं. हा कारखान्याचा माणूस हाय.’