अर्धविरामाची किंमत

कामगाराने लिहिलेल्या अर्जातील शुद्धलेखनाच्या चुका हा आपल्याकडे पुष्कळदा थट्टेचा विषय होतो. ही थट्टा केवळ वरिष्ठच करतात असे नाही. युनियनच्या कचेरीतही ती ऐकू येते, याचे अधिक वाईट वाटते. वस्तुतः कोणती चूक लिहिणाऱ्याचे नुकसान करते आणि कोणती केवळ वाचणाऱ्याच्या डोळ्यांना खुपते, एवढा विवेक तरी आपण केला पाहिजे.

ऱ्हस्वदीर्घाचेच पाहा. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली १४ नियम केले, १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. छापील मजकुरात एकसूत्रीपणा हवा, हे मान्य. परंतु पेशवाईचे दप्तर ज्या मोडीत लिहिले गेले, तिच्यात सामान्यतः ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे, शब्द तोडून लिहिण्याची रीत नव्हती. आणि विरामचिन्हे तर मेजर कँडी यांच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून मराठीत रुळली. त्या दप्तरातील कारकुनांना कोणी अडाणी म्हटल्याचे ऐकिवात नाही! 'विनंती'तील वेलांटी चुकली म्हणून कोणाची रजा अडू नये.

विरामचिन्हांची गोष्ट मात्र निराळी. कारखान्यातील अपघातानंतर मागवलेल्या खुलाशात एखादा कामगार लिहितो, असे समजा: 'मी झडप बंद केली नाही तर स्फोट झाला असता'. त्याला म्हणायचे असते, 'मी झडप बंद केली. नाहीतर स्फोट झाला असता'. चौकशी अधिकारी पहिले पाच शब्द तेवढे उचलतो आणि त्यांचा कबुलीजबाब होतो. बोलताना ज्या ठिकाणी तो कामगार सहज थांबला असता, ते थांबणे कागदावर उमटले नाही, एवढाच त्याचा अपराध.

१९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने नोकरीच्या अटी इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणे मालकांवर बंधनकारक केले होते. वाचण्याची सोय अशी झाली. उत्तर लिहिण्याचे ओझे मात्र ज्याचे त्याच्यावरच राहिले. कचेरीच्या दारात टेबल टाकून बसलेला अर्ज लिहून देणारा आपले दाम घेतोच. अर्थशास्त्राच्या भाषेत हा गरिबाने नाइलाजाने भरलेला करच होय.

तेव्हा मदत हवी, यात वाद नाही. पण मदत करणाऱ्या सुशिक्षिताचीही एक खोड असते. 'मला कामावरून काढले' असे कामगाराने लिहिले की तो 'माझी सेवा संपुष्टात आली' अशी दुरुस्ती करतो. वाक्य घरंदाज झाले खरे, परंतु काढणारा त्यातून नाहीसा झाला. आता हेच काम मोबाइलमधील यंत्रणाही क्षणार्धात करतात, आणि त्यांनाही अशी गुळगुळीत वाक्येच प्रिय. कामावरून काढणे आणि सेवा संपणे यांत कायद्याच्या दृष्टीने केवढे अंतर आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.

आपल्या शाखांनी आठवड्यातील एक संध्याकाळ या कामासाठी राखून ठेवावी. मूळ अर्ज तसाच ठेवावा, दुरुस्ती वेगळ्या कागदावर करावी. तारीख, ठिकाण आणि कोणी काय केले हे आधी तपासावे, वेलांट्या शेवटी. सही करण्यापूर्वी सारा मजकूर अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवावा, आणि 'हे माझे म्हणणे नव्हे' असे तो म्हणाला तर कागद फाडून पुन्हा लिहायला बसावे.