सुटी रिकामी नसते

उन्हाळ्याच्या तोंडावर 'यंदाच्या सुटीत लिहायचेच' असा संकल्प शिक्षक करतो, आणि 'रजा मिळाली की कुठेतरी जाऊन येऊ' असे कारकून घरी सांगतो. चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावी हे संकल्प दरवर्षी होतात आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर वाहूनही जातात. त्याबद्दल आळसाला दोष देण्याची रीत आहे. परंतु खरा दोष हिशेबाचा आहे.

सुटी म्हणजे शिल्लक, असे आपण धरून चालतो. वस्तुतः ती आधीच गहाण पडलेली असते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा, लग्नसराई, वर्षाचा गहू भरणे, शेवया-कुरड्या-सरगुंड्यांचे वाळवण, आणि पुन्हा पुन्हा कूलरमध्ये ओतावे लागणारे पाणी! वऱ्हाडात पारा ४५ अंशांकडे सरकला की दुपारही हातची जाते. एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडावी लागते, तीच पहिलीची खरी किंमत, असे अर्थशास्त्र सांगते. लेखन आणि प्रवास ह्या नियमाला अपवाद नाहीत. प्रश्न एवढाच, की ती किंमत भरतो कोण?

आपल्या शेजारच्या परतवाड्यात १९१६ साली जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांचे उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. शाळकरी वयातच त्यांनी घर सोडले, पायी नर्मदा-परिक्रमा केली. त्या अनुभवावरील 'कुणा एकाची भ्रमणगाथा' मात्र पुष्कळ वर्षांनी, १९५७ साली आली. 'पूर्णामायची लेकरं' ह्या कादंबरीतील वऱ्हाडी बोली तर बालपणीची ठेव होती. प्रवास ही दीर्घ मुदतीची गुंतवणूक आहे. त्याच हंगामात व्याज मागू नये, हा त्यातील धडा होय. ज्या सुटीत फिरलो त्याच सुटीत लिहिलेही पाहिजे, हा हट्ट दोन्हींचा नाश करतो.

परंतु दांडेकरांनी लेखणीवरच प्रपंच चालविणे पत्करले. नोकरदाराला ते साधणारे नाही. त्याने अँथनी ट्रोलोपकडे पाहावे. हा इंग्रज कादंबरीकार तेहतीस वर्षे टपाल खात्यात होता. पहाटे साडेपाचला तो लिहावयास बसे आणि कामानिमित्त आगगाडीने फिरताना मांडीवर फळी घेऊन लिही. सत्तेचाळीस कादंबऱ्या त्याने अशा लिहिल्या. मात्र त्याला रोज उठवून कॉफी देण्यासाठी एक वृद्ध नोकर होता. त्याबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. आपल्या यशाचे मोठे श्रेय ह्या नोकराला असावे, अशी कबुली ट्रोलोपने १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात दिली आहे.

आपल्या घरांतील हे पाच पौंड कोणत्या खात्यावर मांडले जातात? प्रस्तुत लेखकाने एका उन्हाळ्यात महिनाभर दार लावून लेखन केले आणि त्याचा अभिमानही बाळगला. दाराबाहेर पाणी भरणारी, पाहुणे सांभाळणारी, गच्चीवरचे वाळवण उचलणारी व्यक्ती एकच होती. विवाहापूर्वी तीही कथा लिहीत असे, हे आठवावयास मला पुढचा उन्हाळा उजाडावा लागला. माझा मोकळा वेळ मी मिळविलेला नव्हता. तो तिच्याकडून न विचारता घेतलेला होता.

म्हणून ह्या उन्हाळ्यासाठी संकल्पाऐवजी अंदाजपत्रक करावे. पहाटेचा एक तास लेखनाचा, आणि तो जूननंतरही चालू ठेवावयाचा. प्रवास आवाक्यातला: पूर्णेचा काठ किंवा एस.टी.ने चिखलदरा, पण घरातील सर्वांना घेऊन. आणि कूलरचे पाणी, गव्हाची पोती ही लिहिणाऱ्याच्याच वाट्याची कामे मानावीत. जेवढा वेळ आपण घ्यावयाचा, तेवढाच घरातील दुसऱ्या व्यक्तीलाही मोकळा करून द्यावा. कदाचित तिची वही आपल्याआधी भरेल. त्यात साहित्याचे काहीच नुकसान नाही.