कानबाईच्या रात्रीला तिकीट नव्हतं म्हणून?

वर्ष संपलं की 'या वर्षीच्या बेस्ट कॉन्सर्ट'च्या याद्या स्टोरीवर पडतात. जळगाव-धुळ्याच्या पोरापोरींच्याही. 2025च्या यादीत सगळ्यात वर कोल्डप्ले. जानेवारीत नवी मुंबईत 3 शो, लगेच अहमदाबादला 2. जा, जरूर जा. पण जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव या यादीत का नसतो? तोही जानेवारीतच होतो, आपल्याच शहरात. बालगंधर्व लहानपणी याच गावात मेहबूब खां यांच्याकडे गाणं शिकले.

आणि कानबाईची रात्र? श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, बाया रात्र जागवून अहिराणी गाणी म्हणतात. एकीने ओळ टाकली की बाकीच्या उचलतात. याहून लाइव्ह आणखी काय असतं? पण आता तिथेही डीजे लागतो आणि आज्यांचा आवाज दबतो. यातली कितीतरी गाणी कागदावर नाहीत, फक्त त्यांच्या तोंडी आहेत. तिकीट नाही म्हणजे मैफल नाही, हा हिशेब विकणाऱ्यांचा. ऐकणाऱ्यांनी तो का मानायचा? येत्या श्रावणात डीजे बंद करायला लावा, आजीजवळ बसा, तिला विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग टाका यादी.