पीएसएमला मंडई सोपवा

पुणे महापालिकेचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले. वर्षाला १०० विद्यार्थी तिथे प्रवेश घेतात आणि मंगळवार पेठेतले कमला नेहरू रुग्णालय त्याला जोडलेले आहे. त्यातला जनऔषधवैद्यकशास्त्र विभाग, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडचा पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र), सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. महात्मा फुले मंडईच्या आरोग्याची जबाबदारी या विभागाकडे द्यावी, अशी मागणी आहे. तिची कारणे अशी :

१. शिकण्याची सोय आहे, जबाबदारी नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत हा विषय स्वतंत्र विभागाने शिकवावा, असे भोर समितीने १९४६ मध्येच सांगितले होते. आज शहरी आणि ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रे असतात, विद्यार्थ्यांना कुटुंबेही दत्तक दिली जातात. पण शिक्षणाची वर्षे संपली की विद्यार्थी पुढे जातो. ‘या माणसांच्या प्रकृतीचा जाब आम्हाला विचारा’ असे विभागाने म्हणणे ही पुढची पायरी. अमेरिकेतली वैद्यकीय महाविद्यालये या दिशेने निघाली आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या महाविद्यालयाने २०१२ मध्ये लोकसंख्येच्या आरोग्यासाठी वेगळा विभाग काढला.

२. नमुना जवळच आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात शिरूर तालुक्यातले वढू गाठले आणि गावातल्याच बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पुढे त्या परिसरातल्या गावांत जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची सलग नोंद ठेवली जाऊ लागली. रुग्णालय दारी आलेल्या रुग्णापुरते न राहता ठराविक गावांना बांधले गेले, हा त्यातला धडा.

३. मंडईच का? आपली आरोग्ययंत्रणा माणूस मोजते तो घरी. आशाताई दिवसा दार वाजवते, तेव्हा भाजीवाल्या मावशी मंडईत गाळ्यावर असतात आणि हमाल ओझ्याखाली. घराला कुलूप, म्हणून नोंद राहून जाते. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा, नेमका धंद्याचा वेळ. तिथे जायचे तर दिवसाची कमाई बुडते. राहतात एका प्रभागात, राबतात दुसऱ्यात, आणि मोजले जातात कुठेच नाही. त्यात मंडईत आता मेट्रो आली. माणसांची ये-जा वाढली, तसे पाणी आणि स्वच्छतागृहांवरचे ओझेही वाढणार.

४. रुग्णालयाला एकेक रुग्ण दिसतो, साथ दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागांत गिअँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. एका खाटेवर पाहिले तर तो मज्जातंतूंचा दुर्मीळ आजार. पत्ते नकाशावर मांडले, तेव्हा पिण्याच्या पाण्याकडे बोट गेले. ही मांडणी साथ आल्यावर धावपळीत करण्यापेक्षा वर्षभर करणारी माणसे हवीत, आणि तेच पीएसएमचे शास्त्र आहे.

५. काम काय करायचे? दुपारी गिऱ्हाईक ओसरते त्या वेळी गाळ्याशीच रक्तदाब आणि साखर तपासायची. लांबलेल्या खोकल्याची चौकशी करायची. हमालांच्या पाठीची, गुडघ्यांची आणि ओझ्याच्या वजनाची नोंद एकत्र ठेवायची. स्वच्छतागृह लांब किंवा घाण असले की बाया पाणीच कमी पितात. तेव्हा लघवीच्या जळजळीवर गोळ्या देऊन भागणार नाही, स्वच्छतागृह किती वाजता धुतले जाते हेही डॉक्टरने लिहायला हवे. औषध आणि नळ एकाच वहीत आले पाहिजेत.

६. नोंदवही अतिक्रमण विभागाच्या हाती जाता कामा नये. ही अट पहिल्या दिवशी लेखी हवी. फेरीवाल्याला सर्वेक्षण म्हटले की कारवाई आठवते. पुण्यातल्या १८९७ च्या प्लेगात इंग्रज अधिकारी रँडच्या पथकांनी घरे तपासली. त्या जबरदस्तीने लोक आजारी माणसे लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना गेल्या. सेवेसाठी आलेल्याला लोक दार उघडतात, झडतीला आलेल्याला नाही. नावे विभागाकडेच राहावीत, बाहेर फक्त आकडे जावेत.

७. ‘आरोग्य खाते आहे की’ आणि ‘पैसा कुठून आणायचा’ हे आक्षेप येतील. आरोग्य खात्याकडे अधिकार आहेत, पण रोजच्या कामातून अभ्यासाला सवड नाही. महाविद्यालयाकडे अभ्यास आहे, अधिकार नाहीत. दोन्ही एकाच महापालिकेचे आहेत, तेव्हा सांधा जुळवणे अवघड नसावे. प्राध्यापकांचे पगार तर आजही दिले जातात. उरतो तपासणीचा आणि काही सेविकांचा खर्च. ही मंडई रे मार्केट म्हणून उभी राहताना नगरपालिकेचे सदस्य जोतीराव फुले यांनी त्या खर्चाला विरोध केला होता. पैसा लोकांच्या शिक्षणाकडे वळावा, हा त्यांचा आग्रह. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने मंडईला फुल्यांचेच नाव मिळाले. इमारतीआधी माणूस, हा त्यांचा हिशेब मात्र अंदाजपत्रकात अजून यायचा आहे.

८. म्हणून ठराव असा हवा : मंडई आणि भोवतालच्या पेठा पाच वर्षांसाठी विभागाचे कार्यक्षेत्र; देखरेख समितीत विक्रेते आणि हमालांचे प्रतिनिधी; आणि दरवर्षी एक मराठी अहवाल सर्वसाधारण सभेपुढे. किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला, किती स्वच्छतागृहे सुधारली, कोणती शिफारस पाळली नाही आणि का, एवढे त्यात असावे. पाच वर्षांत आकडे हलले नाहीत, तर कार्यक्षेत्र काढून घ्या. हलले, तर पुढचे नाव मार्केट यार्डाचे असू द्या.