विचारलं तेवढंच, पण खरं

नीटचा निकाल लागला की थेरगावात डांगे चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानांसमोर गर्दी होते. गुणपत्रिका, डोमिसाईल, जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर असं सगळं कोंबलेली फुगीर फाईल प्रत्येकाच्या काखेत असते. मी निवृत्त शिक्षिका. या दिवसांत आसपासच्या मुलांचे प्रवेशाचे फॉर्म तपासून देते. बहुतेकांचे वडील चाकणला नाहीतर भोसरीला शिफ्टमध्ये असतात. फॉर्म निवांत वाचायला घरात कुणाला सवड नसते.

एखादी आई बाकीचे सगळे जाईपर्यंत थांबून राहते. मग आवाज खाली आणून विचारते, "बाई, याचं ते येरवड्याचं झालं होतं ना, ते फॉर्मात लिहायचं का?"

येरवड्याचं म्हणजे बाल न्याय मंडळाचं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी पोरगं कुठल्या तरी मारामारीत होतं, कुणाची गाडी उचलून फिरवली होती, मोबाईल चोरणाऱ्या मित्राबरोबर सापडलं होतं. मग चार-सहा तारखा झाल्या, आईचे कामावर तेवढेच खाडे पडले, आणि शेवटी मंडळानं समज देऊन किंवा देखरेखीवर सोडलं. पोरगं सावरलं, अभ्यासाला लागलं, आज डॉक्टर होण्याच्या उंबऱ्यावर उभं आहे. आईला मात्र वाटतं, एका रकान्यापायी सगळं परत वर येईल.

अशा सगळ्या आईबापांना आणि मुलांना माझं सांगणं एकच आहे. जे विचारलेलं नाही ते आपण होऊन सांगायची गरज नाही. पण जे विचारलंय त्याला खोटं उत्तर कधीही देऊ नका. गप्प राहण्याचा हक्क कायद्यानं मुलाला दिला आहे, खोटं लिहिण्याचा दिलेला नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी एका मुलाचं अशाच प्रकरणात एक वर्ष वाया गेलं होतं. प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागितलं. मीच म्हणाले, "आजारपण लिही, कोण बघतंय." महाविद्यालयानं आजाराचा दाखला मागितला. वडिलांनी कुठून तरी खोटा दाखला आणला. प्रवेश झाला, पण त्यानंतर पोरगं माझ्यासमोर मान वर करून बोलेना. मला फार उशिरा कळलं, की त्याची पहिली चूक कायदा पुसायला निघाला होता. दुसरी मी त्याच्याकडून सहीनिशी करून घेतली, तीही त्याला अठरा पूर्ण झाल्यावर. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, आणि अठरानंतर तो मोठ्या माणसाचा गुन्हा ठरतो. त्याला बाल न्याय मंडळाचं छत्र नाही. त्या प्रतिज्ञापत्रात "वैयक्तिक व कौटुंबिक कारणामुळे शिक्षणात खंड पडला, या काळात इतर कुठेही प्रवेश घेतला नव्हता" एवढं लिहिलं असतं तरी ते पूर्ण खरं होतं आणि पुरेसं होतं.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण घरोघरी याबद्दल चुकीच्या समजुती आहेत. सध्याचा बाल न्याय कायदा २०१५ चा, १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेला. या कायद्यात मुलाला आरोपी किंवा गुन्हेगार म्हणत नाहीत, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक तरी स्त्री असावीच लागते. तिथं चालते ती चौकशी, मोठ्यांसारखा खटला नव्हे. 'नवी सुरुवात' हे या कायद्याच्या मूलतत्त्वांपैकी एक तत्त्वच आहे.

कलम २४ सांगतं, की ज्या मुलाचं प्रकरण या कायद्याखाली हाताळलं गेलं, त्याला दोषी ठरण्यामुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होत नाही. दुसऱ्या एखाद्या कायद्यात काहीही लिहिलेलं असलं तरी लागू होत नाही. त्याच कलमात पुढं नोंदी नष्ट करण्याची तरतूद आहे. केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांप्रमाणे या नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं सांभाळायच्या, त्याहून जास्त नाही, आणि मग नष्ट करायच्या. म्हणजे सोळाव्या वर्षीची नोंद अठराव्या वर्षी, प्रवेशाच्या वेळी, कपाटात असूही शकते. पण तेवढ्यावरून घाबरू नका. कलम ७४ प्रमाणे प्रकरण मिटल्यावर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी किंवा आणखी कशासाठीही ती नोंद उघड करायची नाही.

याला एक मोठा अपवाद आहे, तो लपवून मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचा, तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. तिथं प्रौढासारखा खटला चालून दोष सिद्ध झाला, तर अपात्रता न लागण्याचं हे संरक्षण मिळत नाही आणि नोंदही राहते. अशा घरानं वकिलाशिवाय एकाही फॉर्मवर सही करू नये. प्रकरण अजून चालू असेल तर त्यांनाही माझं हेच सांगणं.

सर्वोच्च न्यायालयापुढं हा प्रश्न नोकरीच्या संदर्भात आला आहे. सीआयएसएफच्या उपनिरीक्षकपदाच्या एका उमेदवाराला जुन्या, अल्पवयातल्या प्रकरणावरून अपात्र ठरवलं होतं. त्या प्रकरणातून तो निर्दोष सुटलेलाही होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयानं म्हटलं, की आरोप खरे धरले तरी ते अल्पवयातले आहेत, त्यावरून नोकरी नाकारता येणार नाही. दोष सिद्ध झाला तरी त्याचा डाग राहू नये, हाच या कायद्याचा रोख आहे. त्या उमेदवाराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याआधी २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी पडताळणी फॉर्मबद्दल सांगितलं होतं, की दिलेली माहिती खरी हवी, आणि माहिती दडवली असं म्हणायचं तर ती आधी नेमकेपणानं विचारलेली हवी. माझं सगळं सांगणं या दोन निकालांत मावतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं?

पहिलं, फॉर्म वाचा. एमबीबीएसच्या सरकारी प्रवेशफेरीत मागतात ते कागद म्हणजे नीटचं गुणपत्रक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, राष्ट्रीयत्व, अधिवास, जात आणि आरक्षणाचे दाखले, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. चारित्र्याचा पोलिसी दाखला त्यांत नसतो. महाविद्यालयात गेल्यावर मुलाकडून आणि पालकांकडून रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र घेतात. ते पाहून पुष्कळ पालक दचकतात. त्यात विचारतात, रॅगिंगवरून कुठल्या संस्थेनं काढून टाकलं आहे का, प्रवेशबंदी केली आहे का. चौकातल्या मारामारीशी त्याचा संबंध नाही. तसं झालं नसेल तर निर्धास्त सही करा.

दुसरं, प्रश्नाचा शब्द न् शब्द वाचा. एखादी खासगी संस्था, एखादी शिष्यवृत्ती, किंवा पुण्यातल्या एएफएमसीसारखी जागा, जिथून पुढं सैन्यात अधिकारी व्हायचं असतं, तिथं जास्तीचं विचारू शकतात. "न्यायालयानं दोषी ठरवलं आहे का" हा एक प्रश्न झाला. "सध्या तुमच्यावर खटला चालू आहे का" हा दुसरा. "कधीही गुन्हा नोंदला गेला आहे का, अटक झाली आहे का" हा तिसरा. तिन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. तिसऱ्यासारखा सरसकट प्रश्न असेल तर घाईनं 'नाही' लिहू नका आणि घाबरून सगळी कहाणीही लिहू नका. आधी वकिलाला दाखवा. लिहायचंच ठरलं तर दोन ओळी पुरतात: "अल्पवयात बाल न्याय मंडळासमोर कार्यवाही झाली होती, ती अमुक तारखेला निकाली निघाली आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम २४ प्रमाणे त्यामुळे कोणतीही अपात्रता येत नाही." भांडण कशावरून झालं, सोबत कोण होतं, कोयता कुणाच्या हातात होता, हे त्या रकान्याचं काम नाही.

तिसरं, कागद हातात ठेवा. मंडळाच्या शेवटच्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढून घ्या. पुष्कळ घरांत ती नसतेच. "साहेबांनी सोडलं म्हणाले" एवढीच आठवण असते. नोंदी नष्ट करण्याबद्दल आदेश झाला आहे का ते विचारा, नसेल तर तसा अर्ज द्या. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मुलाला अठरा पूर्ण झाली असली तरी जाऊन विचारा. उत्पन्न कमी असलेल्यांनाही ही मदत मिळते.

चौथं, परदेशात जायचं असेल तर तिथले प्रश्न तिथल्या शब्दांत वाचा. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामायिक अर्जात गंभीर गुन्ह्यातल्या शिक्षेबद्दल विचारतात, पण बालवयात निकाली निघालेली प्रकरणं त्यातून वगळतात. व्हिसाच्या अर्जात मात्र कधी अटक झाली होती का असा सरळ प्रश्न असतो. तिथं आपला कायदा चालेल असं गृहीत धरू नका. सल्ला घ्या आणि खरंच लिहा.

मुलांनो, आता थोडं तुमच्याशी. नवी सुरुवात तुम्हाला कायदा देतो, पण ज्याच्या डोक्याला टाके पडले किंवा ज्याची हप्त्यावर घेतलेली गाडी तुम्ही फोडली, त्याचं नुकसान त्या आदेशानं भरून निघत नाही. जमेल तर त्याची भेट घेऊन माफी मागा. वकील थांब म्हणत असेल तर योग्य वेळी मागा, पण मागा. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचे जीव गेले. त्या प्रकरणात लोक सगळ्यात जास्त चिडले ते मुलाला जामीन देताना लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावर. त्या आरोपावरून डॉक्टरांनाच अटक झाली. पोराला वाचवायला मोठी माणसं खोटं उभं करतात, असं समाजाला एकदा वाटलं, की खरोखर सावरलेल्या हजार पोरांवरचा विश्वासही उडतो.

महाविद्यालयांच्या प्राचार्यांना, शाळांच्या मुख्याध्यापकांना हात जोडून सांगते: कायदा जे विचारायला लावत नाही ते विचारू नका. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात लाल शेरा मारताना, आपण एका आदेशानं पुसलेलं पुन्हा कोरतो आहोत का, हे बघा. सोळा नंबरच्या स्टॉपपासून बोट क्लबापर्यंतच्या सोसायट्यांत राहणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांनो, पोलिसांच्या गाडीत बसणाऱ्या पोराचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता प्रसिद्ध करणं हा कलम ७४ खालचा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंद कपाटातून नष्ट होईल, पण तुमच्या मोबाईलमधून कोण नष्ट करणार?

अक्कलकोटच्या पलीकडं, कलबुर्गी जिल्ह्यात अफझलपूर आहे. तिथला एक तरुण एमबीबीएस शिकत असताना २००२ मध्ये खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. तो अल्पवयीन नव्हता, त्याला जन्मठेप झाली होती. २०१६ मध्ये चांगल्या वर्तनामुळे सुटका झाल्यावर तो पुन्हा शिकायला लागला आणि २०१९ मध्ये त्यानं एमबीबीएस पूर्ण केलं. त्याचं काहीच झाकलेलं नव्हतं. मग पंधराव्या वर्षी चुकलेल्या आणि मंडळानं समज देऊन सोडलेल्या पोराला आपण दारातच का अडवायचं?

डॉक्टर केसपेपरवर आधी लिहितो ती 'हिस्टरी', म्हणजे पूर्वी काय झालं होतं. रोग्यानं ते खरं सांगावं लागतं, डॉक्टरनं गरजेपुरतंच विचारावं लागतं, आणि ऐकलेलं त्या खोलीबाहेर जाऊ द्यायचं नसतं. जो मुलगा उद्या हे काम करणार आहे, त्याच्या प्रवेशाचा कागदही याच रीतीनं भरूया. पुढच्या वेळी एखादी आई सगळे जाईपर्यंत थांबली, तर मी तिला बसवून आधी फॉर्म वाचून दाखवीन. तुमच्या गल्लीत अशी आई असेल, तर तुम्हीही तेवढं करा.